शहाणी घडी

सन्मतीने वरच्या फळीवरचा बेदाण्याचा डबा काढायला हात उचलला आणि केतकी खाली बसली.

बसली म्हणणं खरं तर बरोबर नाही. ओट्याच्या कोपऱ्यात अंग चोरून ती कोसळली होती, डावा गुडघा जमिनीला टेकलेला, उजवं कोपर कानावर, हनुवटी छातीत रुतलेली. हे कधी झालं, कसं झालं, तिचं तिलाच कळलं नाही. कळलं ते इतकंच, की आपल्याला भीती वाटते आहे. साधीसुधी नाही, जिवावर बेतल्यासारखी. आणि समोर उभा होता तो तिचा नवरा, डबा छातीशी धरून, तिच्याइतकाच घाबरलेला.

सन्मती मगदूम सांगलीतल्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर मॅनेजर होता. माणूस असा, की घरात झुरळ निघालं तर त्याला कागदावर घेऊन अंगणात सोडून यायचा आणि वर 'पुन्हा येऊ नको' म्हणून बजावायचा. लग्नाला वीसेक वर्षं होत आली होती. बायकोवर हात उगारणं सोडाच, तिच्या हातचं बिघडलेलं वरणसुद्धा तो निमूट जेवत आला होता.

"काय झालं गं?" त्याने विचारलं.

"काही नाही. तोल गेला," केतकी म्हणाली.

ही थाप होती, आणि पचण्यासारखी नव्हती. कारण त्या घरात सगळ्यांत जास्त तपासून, जपून ठेवलेली गोष्ट कुठली असेल तर ती केतकीचा तोल.

काही वर्षांपूर्वी तिला एक चिवट संसर्ग झाला होता. इंजेक्शनांनी जीव वाचवला आणि जाताजाता कानांच्या आतला तोल सांभाळणारा भाग कायमचा मारून टाकला. ऐकू येत होतं, पण उभं राहता येत नव्हतं. आपल्या प्रत्येक कानात खोलवर तीन बारीक नळ्या असतात, अर्ध्या बांगडीसारख्या वळलेल्या, आत पाणी भरलेल्या. डोकं वळलं की नळी वळते, पाणी किंचित मागे रेंगाळतं आणि त्या रेंगाळण्यावरून मेंदूला कळतं, की आपण कुठे निघालो. केतकीच्या मेंदूला ते कळणं बंद झालं. डोळे मिटले की ती पडायची. पॉलिटेक्निकमधली इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्याची नोकरी तेव्हाच सुटली.

मग तिच्या कानामागे कातडीखाली एक यंत्र बसवलं गेलं, आणि त्यावर केसांत लपणारी बटणाएवढी चकती. चकती डोक्याची हालचाल मोजायची आणि आतलं यंत्र विजेच्या बारीक टिचक्यांनी ती नसेला कळवायचं. पण यात एक गोम होती. मोजून, हिशेब करून कळवेपर्यंत क्षणाचा एक तुकडा निघून जातो, आणि तोलाच्या बाबतीत उशिरा आलेली बातमी ही खोटीच बातमी. म्हणून हे यंत्र अंदाज करायला शिकायचं. आपला माणूस खुर्चीतून उठताना आधी मान पुढे काढतो, जिना उतरताना उजवीकडे कलतो, हे महिनोन्‌महिने बघून ते पुढची हालचाल आधीच ओळखायचं. शिवाय चकतीतून वटवाघळासारख्या लहरी निघायच्या. भिंत, दाराची कड, जवळ येणारी कुठलीही वस्तू त्यांना कळायची, म्हणजे धडकण्याआधी शरीराला सावध करता यावं.

हे सगळं चालवणाऱ्या छोट्याशा ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव होतं 'अचल'. ती बनवणारी कंपनी बुडाली. यंत्रं मात्र माणसांच्या डोक्यात तशीच राहिली, आणि बिघडली तर दाद मागायला दार उरलं नाही. तेव्हा ज्यांच्या डोक्यात ती होती ते, त्यांचे नातेवाईक आणि काही निव्वळ हौशी मंडळी एकत्र आली. स्वतःला ते अचलकर म्हणवत. त्यांनी आपली आपण अवजारं बनवली आणि एकमेकांना फुकट वाटली. 'चिमटा' अडकलेला प्रोग्रॅम उपटून काढायचा, 'झाडू' मेमरी साफ करायचा, 'जाळी'तून आत डोकावता यायचं. यंत्राची सगळी मेमरी उतरवून एका फाइलीत बांधली की तिला ते घडी म्हणत. कुणीही अडचण मांडली की पहिलं उत्तर ठरलेलं असायचं, आधी घडी टाका, मग रडा.

आता घडी म्हणजे एका माणसाच्या उठण्याबसण्याची चालतीबोलती नक्कल. ती चव्हाट्यावर मांडायची तर काही रीत हवी. म्हणून प्रत्येक घडी आधी 'चाळणी'तून काढली जायची. चाळणी हे केतकीचं अवजार. माणसाचं खासगी तेवढं गाळून ती फक्त सगळ्यांच्या उपयोगाचं शिल्लक ठेवायची. आणि दुसरी रीत अशी, की घडीला धनी नसतो. ही कुणाच्या डोक्यातली, असं कुणी कुणाला विचारायचं नाही. हा नियम घातला होता काटदरे सरांनी.

प्रभंजन काटदरे साताऱ्याचे, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नीच्या डोक्यात अचल होतं. कंपनी बुडाल्यावर या माणसाने उतारवयात पुस्तकं आणून ऑपरेटिंग सिस्टिम शिकून घेतली. अचलकरांत त्यांना देवाखालोखाल मान होता, आणि कित्येक बायका आपल्या नवऱ्यांना त्यांचं नाव घेऊन टोमणे मारत. दर वर्षी ते एक 'शहाणी घडी' वाटायचे. ज्याची मेमरी नासली त्याने ती घ्यावी आणि कामाला लागावं.

मागच्या महिन्यात केतकीची मेमरी नासली आणि तिने शहाणी घडी घेतली. यंत्र नव्याने शिकायला तीन महिने लागतात, भिंत धरून चालावं लागतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण ती त्याच दुपारी जिना उतरून भाजी घेऊन आली. आनंद इतका झाला की असं कसं झालं, हे विचारायचं ती विसरली. घबाड हाती लागलं की त्याचा पत्ता कोण विचारतो?

आणि मग तो बेदाण्याचा डबा.

त्यानंतर हे होतच राहिलं. सन्मतीने पडदा ओढला, केतकी खाली. त्याने शर्ट काढायला हात वर केले, केतकी कपाटाला चिकटलेली. नेहमी तो उजव्या बाजूला असताना. पहिले काही दिवस दोघं हसले. तो खोलीत शिरताना 'मी येतोय हं, डावीकडून' असा पुकारा करायचा. मग हसणं ओसरलं. सन्मती घरात खिशात हात घालून वावरायला लागला, आणि केतकी त्या खिशांकडे बघायला लागली.

कारण वाकणं संपलं तरी भीती संपत नव्हती. पडण्याची जाणीव आणि भीती यांच्या वाटा मेंदूत अगदी शेजारून जातात, एकीवर पाऊल पडलं की दुसरी हलते. पायाखालची पायरी चुकली की काळजात कसं लक्कन होतं, ते ज्याने त्याने अनुभवलेलं असतं. केतकीला ते दिवसातून कितीदा तरी होत होतं. भीती आधी यायची आणि कारण मागून. मेंदू बिचारा विनाकारण घाबरून बसू शकत नाही, त्याला कुणावर तरी बोट ठेवावं लागतं. समोर सन्मती होता. कामावरून येताना जिन्यात त्याची पावलं वाजली, की ती भिंतीला पाठ लावून उभी राहायची. हे ती त्याला सांगू शकत नव्हती आणि त्याला सांगावंही लागत नव्हतं.

सन्मतीच्या थोरल्या बहिणीकडे, अक्कांकडे, जेवण होतं. सन्मती केतकीच्या उजवीकडून वाकून ताटात कोशिंबीर वाढायला गेला आणि सगळ्या पंगतीसमोर केतकीने ताट उधळून डोकं झाकलं. अक्कांनी तिला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटून विचारलं, "खरं सांग, हात टाकतो काय गं तुझ्यावर?"

केतकीने शपथेवर नाही म्हणून सांगितलं. तिच्या यंत्राचं काहीतरी बिघडलंय असंही सांगितलं. अक्कांनी तिचे डोळे पुसले, पण त्यांचा विश्वास बसला नाही. अशा वेळी सगळ्या बायका नाहीच म्हणतात, असं त्या म्हणाल्या. लोटलेल्या दाराबाहेर सन्मती पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता.

घरी आल्यावर त्याने विचारलं, "केतकी, मी तुला मारीन असं वाटतंय तुला?"

"नाही," ती म्हणाली, आणि असं म्हणताना दोन पावलं मागे सरली. दोघांनीही ते पाहिलं. त्या दिवसापासून तो बाहेरच्या खोलीत झोपू लागला.

आता घर जाणार हे केतकीला स्वच्छ दिसत होतं, आणि गेलं असतं तर कुणाच्याही अपराधाशिवाय गेलं असतं. रिकामी घडी घालून पुन्हा भिंत धरायची तिने तयारी केली. तेवढ्यात वसईहून पीटर डाबरेचा फोन आला. पीटर जिम चालवायचा, सहा फुटी गडी, पोरांना डंबेल्स उचलायला लावणारा. त्यानेही शहाणी घडी घेतली होती. त्याला अचलकरांच्या गटात लिहायची लाज वाटत होती म्हणून त्याने फोन केला. सलूनमध्ये न्हाव्याने कंगवा उचलला की तो खुर्चीतून खाली घसरत होता. मुलीने गळ्यात पडायला हात पसरले, तर टेबलाखाली गेला होता. हे सांगताना तो हसायचा प्रयत्न करत होता आणि त्याला ते जमत नव्हतं.

"ताई, मी आयुष्यात कुणाचा मार खाल्लेला नाही," तो म्हणाला. "मग हे मार खाणं मला येतं कुठून?"

केतकीने फोन ठेवला. मार हा शब्द तिच्या मनात तोवर आलाच नव्हता.

शिकलेला भाग नुसता न बघता उसवून बघायचा असेल, तर जाळी पुरत नाही. त्यासाठी केतकीने स्वतःपुरती एक 'सुई' बनवली होती. चाळणी तयार करताना लागली होती तेवढीच. ती तिने कुणाला दिली नव्हती. तिने शहाणी घडी सुईने उसवली. आत पहिल्याच नजरेला दिसलं, की घडीत फक्त सगळ्यांच्या उपयोगाचं नव्हतं. कुणा एकाच माणसाचं चालणं, वळणं, वाकणं तिच्यात होतं, म्हणून तर केतकी त्याच दुपारी भाजी आणू शकली होती. आणि त्याच्याच शेजारी दुसरं काही होतं. उजवीकडून, वरून, वेगाने काहीतरी येतं. चकतीच्या अगदी जवळ येतं आणि थांबत नाही. ते यायच्या आधी, फक्त कुणीतरी झपाट्याने जवळ आलंय एवढ्यावरूनच, यंत्र नसेला सांगतं की तू उजवीकडे पडते आहेस. यंत्राला स्नायू हलवता येत नाहीत. ते खोटं पडणं सांगतं, आणि शरीर सावरायला म्हणून डावीकडे खाली जातं, जसं ते पूर्वी जात होतं.

एकदा दोनदा घडलेलं यंत्र शिकत नाही. इतकं घट्ट शिकायला ते शेकडो वेळा घडावं लागतं.

मग हे चाळणीतून निसटलं कसं? केतकीने आपलंच अवजार उघडलं आणि चूक तिला तिथेच सापडली. चाळणी बनवताना तिने एक साधा नियम धरला होता. क्वचित घडतं ते त्या माणसाचं खासगी, आणि रोज घडतं ते सगळ्यांचंच. उठणं, बसणं, वळणं, जांभई. तेव्हा तिला हा नियम फार हुशारीचा वाटला होता आणि अचलकरांनीही पाठ थोपटली होती. रोज मार खाणारं माणूस त्या हिशेबात कुणी धरलंच नव्हतं.

तिने गटात विचारलं, की यंदाची शहाणी घडी कुणाच्या यंत्रावरून घेतली. लगेच चारी बाजूंनी नियमाची आठवण करून देणारे आले. घडीला धनी नसतो, ताई, तुम्हीच असं विचारायला लागलात तर कसं व्हायचं. तिने दोष आहे एवढंच सांगितलं, काय ते सांगितलं नाही. थोड्या वेळाने काटदरे सरांचा निरोप आला, गटात नाही, एकटीला. भाषा नेहमीसारखी गोड होती. दोष दूर करतो, काळजी नसावी, असं लिहून शेवटी त्यांनी लिहिलं होतं, "तुमच्या डोक्यातलं यंत्र माझ्याच घडीवर चालतं आहे. जपून असा."

ते वाक्य तिने कितीदा तरी वाचलं. त्यात काळजी होती असंही म्हणता आलं असतं.

आठवडाभरात सुधारलेली शहाणी घडी आली. दचकण्याचा दोष काढला आहे, सर्वांनी ही घ्यावी. लोकांनी सरांचे आभार मानून घेतले. पीटरने ती लगेच घातली आणि सलूनमधून फोन केला, की कंगवा, कात्री, वस्तरा, सगळं झालं आणि आपण देवासारखे बसून राहिलो. तो इतका खूश होता की केतकीचंही मन क्षणभर हलकं झालं. आपणही ती घालावी आणि सन्मतीला आत बोलवावं. बाकीच्या जगाशी आपल्याला काय करायचंय? तिने फाइल उतरवूनही घेतली.

पण शिकवणारीचा स्वभाव जात नाही. उत्तर बरोबर आलं तरी ते कसं काढलं हे बघितल्याशिवाय तिला चैन पडेना. शिकलेल्या भागातून नेमकी एक गोष्ट काढायला सुई लागते, आणि सुई जगात एकच होती. मग सरांनी दोष काढला कशाने?

तिने नवी घडी उसवली. सरांनी काहीच काढलं नव्हतं. आधीची घडी वर्षाच्या सुरुवातीची होती; त्याच यंत्रावरून त्यांनी फक्त आता नवी घडी उतरवून घेतली होती. येणारं सगळं जसंच्या तसं होतं, उजवीकडून, वरून, आधी होतं त्याच वेगाने. फक्त त्यावर डोकं हलत नव्हतं. यंत्र महिनोन्‌महिने वाट बघत राहिलं होतं, आता वाकेल, आता वाकेल, आणि मग हळूहळू तेही शिकलं होतं की हे माणूस आता वाकत नाही.

केतकी खुर्चीवर बसल्या बसल्या थिजली. आजवरची भीती उसनी होती, ही तिची स्वतःची होती. जिला आपण कधी भेटलो नाही त्या बाईला मार बसताना आपण बघतो आहोत, आणि ती बाई डोकंसुद्धा बाजूला घेत नाही. अशी किती दिवस टिकेल ती? आणि दर वर्षी यंत्राला हात लावून ताजी घडी काढून देईल असं काटदरे सरांच्या हाताशी असलेलं डोकं एकच होतं, त्यांच्या पत्नीचं.

सन्मती कामावरून आला तेव्हा तिने त्याला सगळं दाखवलं. तो तिच्या डावीकडे, हातभर अंतरावर बसून ऐकत होता. ऐकून झाल्यावर दुसऱ्याच्या घरात आपण कसं शिरायचं, असं तो आधी म्हणाला. तो भिडस्त माणूस होता. केतकीने मदतवाहिनीला फोन लावून पाहिला होता. तिथल्या बाई समजूतदार होत्या, पण मार खाणाऱ्या बाईंनी स्वतः काही सांगितलंय का, असं त्यांनी विचारलं. आकडे सांगतात म्हणून कुणाच्या दारात माणसं पाठवता येत नव्हती. त्या घरी फोन करून चौकशी करू म्हणाल्या, आणि फोन कोण उचलणार हे माहीत असल्यामुळे केतकीने नको म्हणून सांगितलं.

मग सन्मती म्हणाला, "चल, जाऊ या. मला बघायचाय तो माणूस. त्याच्या हाताचं भय माझ्या बायकोला माझं म्हणून वाटतंय."

चाळणीची नवी आवृत्ती सरांच्या घरच्या यंत्रावर तपासायची आहे, असं केतकीने कळवलं. सरांना आनंद झाला. सातारला जाताना तिने जुनीच घडी डोक्यात ठेवली होती. रिकामी घातली असती तर गाडीतून उतरता आलं नसतं, आणि नवी घालायची तिची छाती झाली नाही. तसं दगड होऊन बसणं स्वतःच्या अंगात घ्यायला ती तयार नव्हती. हायवेवर सन्मतीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि ती त्याच्या डावीकडे बसली होती. तिचा उजवा कान त्याच्याकडे. गिअर बदलला की ती दाराला चिकटत होती आणि तो प्रत्येक वेळी हळूच 'गिअर' म्हणत होता.

तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट लखलखीत होता. काटदरे सर उंच, पांढराशुभ्र सदरा, आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे सरकावं लागे. त्यांनी आस्थेने प्रवासाची चौकशी केली. त्यांच्या पत्नी, विभावरीताई, चहा घेऊन आल्या. बुटक्या, नेटक्या, साठीला आलेल्या, केसांत डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी चापून बसवलेल्या पिना. सर त्यांच्याबद्दल बोलत होते आणि त्या ट्रे धरून केतकीच्या बाजूला उभ्या होत्या, दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय असं वाटावं तशा. हल्ली ही फार विसरते, सर म्हणाले, दहादा सांगावं लागतं. मग उकडतंय म्हणून पंख्याचा वेग वाढवायला ते उठले. बटणं केतकीच्या खुर्चीमागे होती. त्यांचा उजवा हात विभावरीताईंच्या डोक्यावरून, केतकीच्या उजव्या कानाजवळून वर गेला.

केतकी खुर्चीतून थेट खाली गेली. चहा सांडला, कप फुटला.

जमिनीवरून, कोपराच्या आडून, तिला विभावरीताई दिसल्या. हात त्यांच्याही डोक्यावरून गेला होता आणि त्यांची पापणीही लवली नव्हती. ट्रे तसाच सरळ होता. मग त्यांनी मान खाली करून केतकीकडे पाहिलं, फार वेळ, ओळखीचा चेहरा गर्दीत दिसावा तसं.

"हे माझं आहे," त्या म्हणाल्या.

सरांनी विचारलं, काय तुझं? विभावरीताईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"मी अशी वाकायचे. डावा गुडघा खाली, उजवं कोपर कानावर. तुम्हाला कुणी शिकवलं?"

"तुमच्या यंत्रानं," केतकी जमिनीवरूनच म्हणाली. "घडीतून आलं ते. माझ्याकडं आलं, आणखी पुष्कळ जणांकडं गेलंय."

"त्यांनाही लागतं?"

"लागत नाही. नुसती भीती वाटते."

"नुसती," विभावरीताई म्हणाल्या. त्या शब्दाचा त्या विचार करत होत्या.

काटदरे सरांचा आवाज अजूनही मऊच होता. पाहुण्यांची माफी मागून ते म्हणाले, की हिचं असं असंबद्ध चालतं, मनावर घेऊ नका. मग आवाज न चढवता म्हणाले, "विभा, आत जा."

विभावरीताईंनी ट्रे टेबलावर ठेवला आणि त्या चालायला लागल्या. आतल्या दाराकडे नाही, बाहेरच्या. कडी काढून त्यांनी ते उघडलं. सर दोन ढांगांत त्यांच्यापाशी पोचले. झपाट्याने जवळ आलेला माणूस आणि वर गेलेला हात, केतकीने खोलीच्या या टोकाला असूनही कान झाकला. इतकं लांबचं तिच्या चकतीला कळणं शक्य नव्हतं; ती आता डोळ्यांनी बघून घाबरत होती. सन्मती मध्ये घुसला. हात उचलला तर बायको पुन्हा भिईल म्हणून की काय, त्याने दोन्ही हात पाठीशी बांधले होते आणि तो नुसता छाती पुढे काढून उभा राहिला. सरांचा हात त्याच्या खांद्यावरून पुढे आला.

आणि विभावरीताई वाकल्या. डावा गुडघा खाली, उजवं कोपर वर. हात त्यांच्या डोक्यावरून जाऊन दाराच्या चौकटीवर आदळला. वाकल्या तशाच, सरळ न होता, त्याच हाताखालून त्या उंबऱ्याबाहेर गेल्या.

सर मनगट धरून विव्हळत होते आणि अजून हळू आवाजात काहीबाही बजावत होते. केतकी उठली. तिला त्यांच्या उजव्या हाताजवळून जावं लागणार होतं. सन्मती सरला नाही, दोघांच्या मध्ये भिंतीसारखा उभा राहिला आणि ती त्याच्या पाठीला घासून बाहेर पडली. ज्या माणसापासून ती महिनाभर लांब पळत होती, त्याला तिने तेवढ्या वेळात घट्ट धरलं होतं.

जिन्यात विभावरीताई कठडा धरून उभ्या होत्या. पायात चप्पल नव्हती. त्यांचं सगळं अंग लटपटत होतं, दातावर दात आपटत होते, आणि त्या आपल्याच थरथरत्या हातांकडे नवलाने बघत होत्या.

"मला भीती वाटतेय," त्या म्हणाल्या. "कितीतरी दिवसांत वाटली नव्हती."

"मलापण वाटतेय," केतकी म्हणाली आणि तिने त्यांचा हात धरला. "चला."